काच बसली, पण धरली काय?

आमचे गिरड हे गाव वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात आहे. येथील टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा असून हिंदू व मुसलमान असे दोन्ही समाज तेथे भक्तीने येतात. आणि येणारा बहुतेक प्रत्येक जण टेकडीवरचे सुपारीएवढे, जायफळाएवढे वाटोळे खडे हातात घेऊन निरखून पाहतो. बाबांची थट्टा करणाऱ्या वणजाऱ्यांचा सारा माल नारळांसकट दगड झाला, अशी आख्यायिका आहे. जुन्या इंग्रजी गॅझेटियरांतही तिची नोंद सापडते. भूगर्भशास्त्रज्ञ म्हणतात की हे झिओलाइट नामक खनिजाचे गोळे होत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारस पसरला, तो थिजताना त्यात ज्या पोकळ्या राहिल्या, त्या मागाहून या खनिजाने भरून निघाल्या. श्रद्धा व शास्त्र यांचा वाद आम्ही येथे मांडीत नाही. आमचे आजचे काम त्या लाव्ह्याच्या दुसऱ्या एका संततीशी आहे. तोच काळा पाषाण फोडून त्याची गिट्टी करितात, ती ट्रकांतून नेऊन रस्त्यांवर पसरितात, आणि तिच्यातीलच एखादा खडा उसळून एखाद्या कुटुंबाच्या मोटारीच्या समोरच्या काचेवर येऊन आदळतो.

विषय यंत्रशाळेतला आहे, या पृष्ठावर त्याचे काय प्रयोजन, असे कित्येक वाचकांस वाटेल. परंतु आजी, सून, नातवंडे अशी घरातील सर्व माणसे ज्या एका वस्तूच्या आडोशाने ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने धावतात, त्या वस्तूविषयी घरात कोणासच काही ठाऊक नसावे, हे आम्हांस बरे वाटत नाही. आमच्या गावी येणाऱ्या मोटारी आम्ही सायंकाळी फिरावयास गेलो असता पाहतो. कित्येकींच्या काचेवर या कडेपासून त्या कडेपर्यंत भेग गेलेली असते, आणि विचारले तर उत्तर मिळते, "चालेल की अजून वर्षभर." दुसरे काही लोक काच बदलतात खरे, पण तासाभरात बदलून द्या, म्हणून कारागिराच्या मानेवर बसतात. या दोहोंपैकी दुसरा प्रकार अधिक घातक आहे, असे आमचे मत झाले आहे. आणि त्याचे कारण सांगण्यासाठी थोडे मागे जाणे भाग आहे.

आमच्या तरुणपणी जी वाहने रस्त्यावर दिसत, म्हणजे अँबॅसडर, महिंद्रांची जीप आणि एस.टी.ची बस, त्यांची समोरची काच चिकटविलेली नसे. ती रबराच्या एका जाड पट्टीत, ज्यास कारागीर 'बीडिंग' म्हणतात तीत, अडकविलेली असे. ती बसविण्याची रीत पाहण्यासारखी होती. काचेच्या चारही कडांस रबर चढवावयाचे; रबराच्या बाहेरच्या खोबणीत एक बळकट सुती दोरी सबंध वाटोळी फिरवून तिची दोन्ही टोके एके ठिकाणी सोडावयाची; खोबणीस साबणाचे पाणी लावावयाचे. मग एक जण बाहेरून काच चौकटीवर दोन्ही तळहातांनी दाबून धरी, व दुसरा आत बसून दोरीचे टोक हलके हलके आपल्याकडे ओढी. दोरी निघू लागली की तिच्यामागोमाग रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवरून आत उलटत जाई, आणि दोरी संपता संपता काच जागच्या जागी बसे. बाहेरच्याने अधिक जोर केला तर काच तडके. आतल्याने घाई केली तर रबर फाटे. दोघांचा श्वास एक लागे. आम्ही शाळेत मुलांस सहकार्याचा अर्थ सांगताना हेच उदाहरण देत असू, कारण त्यातील एकही गोष्ट तोंडी सांगावी लागत नाही, डोळ्यांस दिसते. नागपूरजवळ हिंगणा येथे एस.टी.ची मोठी कार्यशाळा आहे. ज्यांचे कोणी आप्त तेथे किंवा दापोडीच्या कार्यशाळेत नोकरीस होते, त्यांनी ही दोरीची युक्ती खचितच ऐकिली असेल.

या पद्धतीत एक मोठी सोय होती. दोरी बाहेर आली की काम झाले. गाडी त्याच क्षणी रस्त्यावर नेता येई, कारण वाळावयाचे किंवा सुकावयाचे असे तीत काही नव्हतेच. आपल्या घरांतील वडील मंडळींच्या मनात मोटारीच्या काचेविषयी जी समजूत आहे, ती या काळातील आहे. काच म्हणजे खिडकीचे तावदान. फुटले, दुसरे लावले, निघालो. ती समजूत आज खरी राहिलेली नाही, आणि घाईची सवय मात्र राहिली आहे.

आजच्या मोटारीची समोरची काच रबरात अडकविलेली नसून गाडीच्या पत्र्यास चिकटविलेली असते. चिकटविण्याचे द्रव्य पॉलियुरेथेन जातीचे, काळे व लापशीसारखे दाट असते. ते नळीतून पिळून चौकटीवर त्रिकोणी वातीसारखे घालावयाचे, आणि दोन माणसांनी रबरी शोषक वाट्या लावून काच उचलून त्या वातीवर एकदाच, न हलविता, ठेवावयाची. हे द्रव्य वाळून घट्ट होत नाही. हवेतील ओलावा शोषून त्याचे रबरासारखे घन होते. म्हणून ते बाहेरून आत धरत जाते. वरची साय बोटास कोरडी लागली तरी पोटात ते अजून कच्चेच असते. उन्हाळ्यात सर्व वस्तू लवकर वाळतात, तेव्हा हेही लवकर धरेल, असा सामान्य माणसाचा तर्क असतो. परंतु आमच्याकडे वैशाखात हवेत ओलावाच नसतो. त्यामुळे नळीवर जो काळ छापलेला असतो, तो ठराविक उष्णता व ठराविक दमटपणा धरून छापलेला आहे हे विसरून चालत नाही. काही द्रव्ये तासाभरात गाडी हलविण्याजोगी होतात, काहींस अर्धा दिवस लागतो, आणि पुरते धरावयास सर्वांसच एक दिवस किंवा त्याहून अधिक लागतो. कोणते वापरले, हे नळी पाहिल्यावाचून कळत नाही. ती नळी मागून पाहण्याचा हक्क गिऱ्हाइकास आहे. तिच्यावर मुदतीची तारीखही असते. मुदत टळलेले द्रव्य दिसावयास तेच, परंतु धरत नाही.

आता स्वतः काचेविषयी. समोरची काच ही एक काच नव्हे, दोन होत. सुमारे दोन-दोन मिलिमीटर जाडीच्या दोन काचांमध्ये पॉलिव्हिनाइल ब्युटिरल नावाच्या पारदर्शक पदार्थाचा पाऊण मिलिमीटरचा पापुद्रा घालून, उष्णता व दाब देऊन तिन्ही एकजीव केलेली असतात. फुटली तरी तुकडे त्या पापुद्र्यास चिकटून राहतात. या कल्पनेचे श्रेय एदुआर बेनेदिक्तूस या फ्रेंच गृहस्थास देतात. १९०३ साली त्याच्या प्रयोगशाळेत काचेची एक कुपी उंचावरून पडली, तडकली, पण विखुरली नाही. कारण आत पूर्वी ठेवलेल्या द्रवाचा पातळ थर वाळून तिच्या अंगास चिकटला होता, अशी गोष्ट सांगतात. १९०९ साली त्याने पेटंट घेतले. आरंभी मधला थर सेल्युलॉइडचा असे व उन्हाने पिवळा पडे. आजचा पापुद्रा १९३० नंतरच्या दशकातला आहे.

बाजूच्या व मागच्या काचा बहुधा निराळ्या जातीच्या असतात. त्या सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने एकदम थंड केलेल्या असतात. त्यामुळे त्यांचा पृष्ठभाग सदैव दाबाखाली व गाभा सदैव ताणाखाली राहतो. त्या सहजी फुटत नाहीत, आणि फुटल्या की खडीसाखरेसारखे कण होऊन खाली पडतात. हीच काच समोर बसविली तर काय होईल? लहानशा आघाताने सबंध काच एका निमिषात पांढरी धुरकट होऊन चालकास पुढचे काहीच दिसणार नाही. पूर्वी पुष्कळ गाड्यांस तशा काचा होत्या, आणि असे प्रसंगही घडत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १०० व्या नियमाने समोरची काच जोडकाचच असावी असे ठरविले. तिच्यातून निदान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असेही त्याच नियमात आहे. भारतीय मानक २५५३, भाग दुसरा, हे या काचांचे प्रमाण होय. काचेच्या एका कोपऱ्यात कर्त्याच्या नावाशेजारी त्याची खूण कोरलेली असते. बदललेल्या काचेवर ती खूण आहे की नाही, एवढे घरातील मॅट्रिकचा विद्यार्थीही पाहू शकेल.

सुश्रुताने डोळ्यांच्या रोगांत तिमिर वाढून होणाऱ्या एका अवस्थेस 'काच' असे नाव दिले आहे. दृष्टीस मळ येतो, वस्तू धूसर दिसतात. जी वस्तू आरपार पाहण्यासाठी प्रसिद्ध, तिचेच नाव धूसर दृष्टीस मिळावे, याचे आम्हांस विद्यार्थिदशेत मोठे नवल वाटे. हल्ली कित्येक मोटारींची समोरची काच पाहिली म्हणजे सुश्रुताचे म्हणणे पटू लागते. वरच्या भागात देवाचे नाव, खाली जातीचे किंवा गावाचे नाव, मध्ये आरशास टांगलेली बाहुली व लिंबू-मिरची, आणि उरलेल्या जागेतून चालक रस्ता पाहतो. देवाचे नाव आतल्या फळीवर लाविले तर ते काही कमी पावेल असे आम्हांस वाटत नाही.

स्वदेशी काचेचा इतिहासही आपल्या प्रांतास परका नाही. अंताजी दामोदर काळे यांच्या खटपटीने पै-पैसा गोळा करून उभारलेल्या पैसाफंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. जपान व अमेरिका येथे ही विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे शिकवीत. पुढे १९१६ साली ओगले बंधूंनी काच कारखाना काढिला. कऱ्हाडजवळची ओगलेवाडी आणि प्रभाकर कंदील यांची नावे ज्यास ठाऊक नाहीत असे जुने मराठी घर विरळा. त्या कारखान्यांत मोटारीच्या काचा होत नसत. आज मात्र पुण्याजवळ भोसरी-चाकणच्या भागात त्या तयार होतात.

कंदिलाचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिचा प्रस्तुत विषयाशी निकट संबंध आहे. ज्यांनी कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला त्यांस आठवत असेल की तापलेल्या चिमणीवर पावसाचा एक थेंब पडला तर ती 'टण्' करून तडके. थेंब पडलेली जागा आकसते, शेजारची जागा फुगलेलीच असते, आणि दोहोंची ओढाताण काचेस सोसत नाही. घरच्या बायका चिमणी निवल्यावाचून तिला ओला हात लावीत नसत. मोटारीच्या काचेचे हुबेहूब तसेच आहे. अंगात एकही ओरखडा नसलेली काच पुष्कळ सोसते. पण जिला खडा लागून टवका उडाला आहे, तिच्यात ओढाताणीस आरंभस्थान मिळालेले असते.

गतवर्षी मे महिन्यात आमचा पुतण्या सहकुटुंब नागपूरहून आमच्याकडे आला. जामहून समुद्रपुराकडे वळल्यानंतर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून एक खडा उडाला व काचेच्या उजव्या कोपऱ्याकडे लागून पावलीएवढी चकती उमटली. गाडी आमच्या दारासमोर उन्हात उभी राहिली. त्या दिवशी हवा पंचेचाळीस अंशांच्या आसपास होती, आणि काचेस हात लावला तर चटका बसत होता. दुपारी निघण्याची वेळ झाली तेव्हा गाडी थंड करावी म्हणून त्याच्या चालकाने विहिरीचे बादलीभर पाणी काचेवर ओतले. चकतीतून निघालेली रेघ आमच्या डोळ्यांदेखत काचेच्या मध्यापर्यंत धावत गेली. धाकटी नात टाळ्या पिटू लागली; तिला ती वीज चमकल्यासारखी वाटली.

गिरडासारख्या गावी मोटारीची काच तयार ठेवणारे दुकान असावे, ही अपेक्षाच करू नये. दुसरे दिवशी सकाळी गाडी हळूहळू नागपुरास नेली. आम्हीही बरोबर गेलो. कारागीर पन्नाशीचा, शिक्षणाने सातवीपर्यंत, परंतु आपल्या विद्येत पारंगत होता. जुनी काच काढण्यासाठी त्याने एक बारीक पोलादी तार काळ्या द्रव्यातून आरपार ओवली, एक टोक आत साथीदाराच्या हाती दिले, आणि दोघांनी आळीपाळीने ओढीत करवतीप्रमाणे सबंध कड कापून काढली. आम्हांस पुन्हा त्या दोरीची आठवण झाली. युक्ती तीच, फक्त उलटी. काच निघाल्यावर चौकटीवर जुन्या द्रव्याची जी वरवंटी राहिली होती, ती तो पात्याने तासू लागला. पुतण्या म्हणाला, "सगळे खरवडून पत्रा स्वच्छ करा." कारागिराने मान हलविली. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा जुना थर तो मुद्दाम ठेवीत होता. गाडी कारखान्यात तयार झाली तेव्हा तो थर पत्र्यास जसा धरला आहे, तसा नवा पत्र्यास धरणार नाही. आणि नवा थर जुन्यास मात्र उत्तम धरतो. पात्याने जेथे रंग उडून पत्रा उघडा पडला तेथे त्याने काळे प्रायमर लाविले, कारण उघड्या पत्र्यास गंज चढतो, आणि गंजावर चिकटलेली काच म्हणजे पापुद्र्यावर चिकटलेली काच. काचेच्या कडेस जी काळी पट्टी व ठिपके असतात तेही शोभेसाठी नसतात. उन्हातील अतिनील किरणांपासून खालच्या द्रव्याचे रक्षण करण्याकरिता ती रंगपट्टी काचेवर भाजून पक्की केलेली असते. त्या पट्टीवर स्वच्छक लावून पुसल्यानंतर त्याने कोणासही बोट लावू दिले नाही. घामाच्या बोटाचा तेलकटपणासुद्धा पुरतो, असे तो म्हणाला.

बारा वाजता काच बसली. पुतण्याच्या मेहुणीचा साखरपुडा त्याच सायंकाळी चंद्रपुरास होता. त्याने किल्ली मागितली.

"साहेब, सहा वाजता देतो," कारागीर म्हणाला.

"सहाला? तिकडे सगळे खोळंबले आहेत! काच तर बसली आहे."

"बसली न जी. पण धरली कुठं?"

पुतण्या संतापला. शेजारच्या रस्त्यावर तासाभरात काच बसवून देतात, पैसेही कमी घेतात, असे तो बोलून गेला. कारागीर शांतपणे म्हणाला, "देतात ना. तुम्ही त्याच्याकडे गेले असते तर मी काही म्हणलं नसतं. माझ्याकडे आले, तर सहाला." मग आमच्याकडे वळून त्याने विचारले, "गुरुजी, पोरं पुढच्या सीटवर बसतात काय?"

त्या प्रश्नाचा अर्थ पुतण्यास कळला नाही, म्हणून आम्ही येथे तो विस्ताराने देतो. मोटारीत हल्ली हवेच्या पिशव्या असतात; १ एप्रिल २०२१ पासून नव्या घडणीच्या मोटारींत चालकाबरोबर शेजारच्या प्रवाशासाठीही ती सक्तीची झाली. टक्कर होताच शेजारची पिशवी पापणी लवण्याच्या आत फुगते, आणि पुष्कळ गाड्यांत ती वरच्या बाजूस उघडून समोरच्या काचेवर टेकते व तेथून प्रवाशाकडे वळते. म्हणजे काच ही तिची भिंत आहे. द्रव्य कच्चे असेल तर पिशवी काचेस बाहेर ढकलून देईल, आणि जिच्या भरवशावर माणूस बसला ती गादी जागेवर राहणार नाही. गाडी उलटली तर छपराचा काही भार हीच काच चौकटीच्या साह्याने तोलते. आतला मनुष्य बाहेर फेकला जाऊ नये हेही तिचेच काम. पट्टा बांधलेला असला तरी काच निखळणे ही लहान गोष्ट नव्हे. याउलट रबराच्या काळात काचेकडून यांपैकी बहुतेक कशाचीच अपेक्षा नव्हती. ती वारा, धूळ व पाऊस अडवी, आणि तेवढ्यावर तिचे कर्तव्य संपे.

कारागिराने हेच पुतण्यास चार वाक्यांत सांगितले. तरी तो चुळबुळ करीत राहिला; सासुरवाडीचे कार्य, तेथे उशिरा जाणे म्हणजे जन्माचे बोलणे. शेवटी आमच्या वहिनी, ज्या इतका वेळ दुकानाच्या बाकावर जप करीत होत्या, त्यांनी माळ थांबवून म्हटले, "अरे, मुहूर्त चुकला तर गुरुजी दुसरा काढून देतील. तू आणि सूनबाई एस.टी.ने पुढे व्हा. मी मुलांना घेऊन मागाहून येते." तसेच झाले. दोघे दुपारच्या बसने चंद्रपुरास वेळेवर पोहोचली. गाडी साडेसहास निघाली, कडांस चिकटपट्ट्या लावलेल्या, एका खिडकीची काच बोटभर उघडी. ती उघडी का, तर दार आपटले की आतली हवा दबून ताज्या काचेस आतून धक्का देते. पहिल्या एक-दोन दिवसांत दार जोराने लावू नये, दाबाच्या पाण्याने गाडी धुऊ नये व खडबडीत रस्ता टाळावा, असे त्याने सांगितले होते. वहिनींनी ते पाठ केले होते, आणि चंद्रपुरास गाडीतून उतरताना प्रत्येक पाहुण्यास 'दार हळू' म्हणून बजाविले, असे मागाहून कळले.

घाईचा परिणाम काय होतो तेही आम्ही पाहिले आहे. आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी काच बदलून घेतली होती. दुकानाचे नाव घेण्याचे कारण नाही. पहिल्या पावसात आत पाणी झिरपू लागले. सहा महिने ते वरून डिंकासारखे काही बाही लावीत राहिले. अखेर दुसऱ्या कारागिराने काच काढावयास घेतली, तो तिची एक बाजू तारेवाचून, नुसत्या हाताने सुटून आली. खाली गंज होता आणि गंजावर रॉकेलच्या बोळ्याने पुसल्याचा चिकटा. त्या बाजूस त्यांची आठ वर्षांची मुलगी बसत असे.

आता काही किरकोळ परंतु उपयोगी गोष्टी. खडा लागून केवळ टवका उडाला असेल तर सबंध काच बदलण्याची गरज बहुधा नसते. टवक्यातील हवा ओढून घेऊन त्यात पातळ राळ भरितात व अतिनील प्रकाशाने ती घट्ट करितात. डाग पुरता जात नाही, पण भेग वाढणे थांबते. यास अटी आहेत. टवका रुपयाच्या नाण्याहून मोठा नसावा, कडेजवळ नसावा, चालकाच्या थेट दृष्टीसमोर नसावा, आणि आतली काच शाबूत असावी. मुख्य म्हणजे आत धूळ व पाणी गेले नसावे. म्हणून टवका उडाल्याबरोबर त्यावर स्वच्छ पारदर्शक चिकटपट्टी लावावी, बोटाने चाचपू नये, आणि काच गार पाण्याने धुऊ नये. गाडी सावलीत घ्यावी. आतली थंड हवा एकदम काचेवर सोडू नये. तीही बादलीचेच काम करिते. आणि गिट्टीच्या ट्रकमागे जवळ राहू नये. आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला तर आघात चौपट, हे गणित आम्ही तीस वर्षे फळ्यावर शिकविले. रस्त्यावर त्याचा उपयोग करणारे विद्यार्थी थोडे.

विम्याविषयीही घरात बहुधा गैरसमज असतो. मोटारीच्या नेहमीच्या सर्वसमावेशक विम्यात रबर, प्लॅस्टिक यांच्या किमतीतून घसारा म्हणून निम्मी रक्कम कापितात, पण काचेच्या भागांवर घसारा धरीत नाहीत. तथापि काचेसाठी एक दावा केला तरी निर्दाव्याची सवलत, जी पहिल्या वर्षानंतर २० टक्के असून वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते, ती बहुतेक वेळा हातची जाते. तेव्हा काचेची किंमत व जाणारी सवलत कागदावर शेजारी शेजारी मांडूनच दावा करावा. ज्या नव्या गाड्यांत आरशामागे काचेस लागून कॅमेरा असतो, त्यांत काच बदलल्यावर तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. त्याचे पैसे निराळे पडतात, ते आधीच विचारून ठेवावे.

मजुरीच्या बाबतीत मात्र एक विनंती आहे. काच बदलणाऱ्या कारागिराशी घासाघीस होते ती बहुधा वेळेवरून व शे-दोनशे रुपयांवरून. काचेची किंमत कंपनी ठरविते, तिच्यात त्यास फारसे हलता येत नाही. मग तो कमी करितो ते प्रायमर, स्वच्छक आणि द्रव्याची प्रत. या तिन्ही गोष्टी काच बसल्यावर डोळ्यांस दिसत नाहीत. म्हणून दर ठरविताना त्यास सांगावे की नळी आमच्यासमोर उघड, प्रायमर आमच्यासमोर लाव, आणि गाडी केव्हा द्यावयाची ते तूच सांग. वर निर्दिष्ट केलेल्या कारागिरास पुतण्याने दुसऱ्या महिन्यात आपल्या कचेरीतील दोघा मित्रांच्या गाड्या धाडिल्या. त्यांसही त्याने सायंकाळपर्यंत बसवून ठेविले.

काढलेली जुनी काच तो परत नेऊ देत नाही, आणि तेही योग्यच आहे. मधल्या पापुद्र्यामुळे ती साध्या काचेच्या भंगारात चालत नाही, घरी आणली तर मुले तिच्याशी खेळतात, आणि तिचे बारीक कण सतरंजीत शिरले की महिनोन्‌महिने पायास टोचतात.